केतकीच्या दोन चौकटी

फेब्रुवारी संपत आला की मला घरात बसवत नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी साडेनऊ वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळतात. मग मी उगाच कपाट उघडते, घडी घातलेल्याच साड्यांची पुन्हा घडी घालते, गॅसवर चहा ठेवते आणि तो उतू गेल्यावर मला आठवतो. केतकीचे बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतात, "बारावीची परीक्षा सुरू झाली वाटतं."

झालेलीच असते. भिवंडीत ते कळायला कॅलेंडर लागत नाही. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद होतात. रिक्षांतून मुली जाताना दिसतात, मांडीवर पुठ्ठा, ओठ पुटपुटणारे, आणि शेजारी मुलीपेक्षा जास्त घाबरलेली आई. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि अकराची घंटा होते तेव्हा मानेवरून घाम ओघळत असतो. वडप्याच्या रस्त्याला दोन गोदामांच्या मधे, तोडायचा राहून गेलेला एक पळस फुलतो. लूमची खटखट तर बारा महिने असतेच, पण या दिवसांत ती जास्त ऐकू येते, कारण घराघरांतले टीव्ही गप्प झालेले असतात.

मी एका हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. बारावीची हॉलतिकिटं माझ्या टेबलावरून जायची. फोटो, सही, विषय, आईचं नाव. कुणाच्या नावातली वेलांटी चुकलेली, कुणाच्या हॉलतिकिटावर भलताच विषय. त्या चुका शोधून वेळेत दुरुस्त करून आणणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्या वर्षी माझ्याच घरात हॉलतिकीट आलं, त्या वर्षी मात्र माझ्या हातून अशी एक चूक झाली, की जिच्या दुरुस्तीचा अर्ज कुठल्याच खिडकीवर घेत नाहीत.

माझी लेक केतकी तेव्हा सतरा वर्षांची होती. उंच, काटकुळी, आणि हातांना क्षणाची उसंत नाही. जेवतानासुद्धा डाव्या हाताने टेबलाचा सैल झालेला स्क्रू फिरवत बसायची. दिवाळीनंतर कधीतरी ध्वनीचा धडा वाचता वाचता तिला सपाट स्पीकरचं वेड लागलं.

"आई, खोका लागतच नाही गं," ती मला पटवत होती. "पातळ प्लायची एक पाटी घ्यायची आणि तिच्या पाठीला हा चिकटवायचा."

हा म्हणजे मेदूवड्याएवढा गोल तुकडा, दोन तारा बाहेर आलेला. त्याला एक्सायटर म्हणतात. तो थरथरला की त्याच्याबरोबर सगळी पाटी थरथरते आणि पाटीच बोलायला लागते. आमच्या खिडकीसमोर लूमची शेड. टीव्ही ऐकू यायचा तर इतका मोठा करावा लागे की समोर बसलेल्याचे कान किटायचे, आणि स्वयंपाकघरात मला मात्र नुसता गोंगाट पोचायचा. केतकीचं म्हणणं, खोक्याचा स्पीकर एका दिशेला ओरडतो, पाटी सगळ्या घराशी बोलते. "तुला पोळ्या लाटता लाटता बातम्या ऐकू येतील बघ."

पण पाटी नुसती भिंतीला टेकवून चालत नव्हती, खडखडायची. तिला चौकट हवी होती. चौकटीत कसून बसवली तर आवाज गुदमरायचा, सैल ठेवली तर फडफडायची. म्हणून लाकडाच्या चौकटीला आतून खाच, खाचेत मऊ फोमची पट्टी, आणि त्या पट्टीवर पाटी नुसती विसावलेली, असं तिने वहीत काढलं होतं. बाजारात अशी चौकट मिळत नाही. ती करून घ्यावी लागते, नाहीतर स्वतः करावी लागते. केतकीला स्वतः करायची होती.

मला काळूराम आठवला. दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचे बाक दुरुस्त करायला यायचा तो. खारबावच्या पलीकडच्या पाड्यावरचा वारली माणूस. पावसाळ्यात घरचं थोडं भात लावायचं आणि एरवी वडप्याच्या एका गोदामात ड्युटी. माल रचायचे लाकडी पाट असतात ना, पॅलेट म्हणतात त्यांना, ते तुटले की ठोकून पुन्हा उभे करायचे, ही ड्युटी. एका रविवारी मीच केतकीला त्याच्याकडे घेऊन गेले. हे मी मुद्दाम सांगते. सुरुवात माझ्याच हाताने झाली होती.

गोदामामागे मोडक्या पॅलेटचा डोंगर होता आणि त्याला राळेचा, ओल्या कागदाचा असा मिसळलेला वास होता. काळूरामने एक फळी उपसली.

"ह्ये लाकूड आपल्याकडचं न्हाय," तो म्हणाला. "मशिनींबरोबर भाएरच्या देशातून येतं. हलकं हाय, सरळ हाय. पन सुकू द्याया पायजे."

"किती दिवस?" केतकीने वही काढली.

"त्ये वहीत न्हाय गावायचं." त्याने बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं, मग दुसऱ्या फळीवर. "आइक. ही बद्द बोलते, ही अजून ओली हाय. आनि ही बग, कशी खनकन बोलते."

केतकीने वही मिटली आणि फळीला कान लावला. मला अजून तिचा तो चेहरा दिसतो, डोळे मिटलेले, गालाला भुसा लागलेला.

मग दर रविवारी ती वडप्याला जायला लागली. खिळे न मोडता उपसायचे कसे, रंधा लाकडाच्या रेषेच्या कलाने कसा ओढायचा, कोपरा काटकोनात आहे की नाही ते डोळ्यावर न सोडता गुण्या लावून कसं बघायचं. घरी आली की काळूदादा असं म्हणाले, काळूदादा तसं म्हणाले. "आई, ते म्हणतात, चौकट कधी बोलता कामा नये. पाटी बोलेल. चौकट बोलायला लागली की समजायचं, जोड खोटा आहे." त्याने तिला आपला लहान रंधा वापरायला दिला होता, आणि तो ती दप्तरात पुस्तकांच्या मधे ठेवायची.

आमची गॅलरी म्हणजे सुताराचं दुकान झालं. दाराएवढी नाही, पण तिच्या छातीला लागेल एवढी पहिली चौकट उभी राहिली. खिळ्यांची जुनी भोकं तिने बुजवली नाहीत, तशीच ठेवली. शुक्रवारी लूम बंद असतात. म्हणून पहिली चाचणी शुक्रवारी. मी पोळ्या लाटत होते. तिने फोनवर बातम्या लावल्या आणि आवाज मोठा नव्हताच, तरी बातम्या देणारी बाई जणू माझ्या ओट्याशी उभी राहून बोलत होती. मुंबईचं तापमान, कुठलातरी पूल, रस्ता. एकेक शब्द. लाटणं थांबवून मी ऐकत राहिले.

केतकी दारात आली. "येतंय ऐकू?"

"येतंय."

"मग?"

माझ्या मनात काय काय आलं होतं! पण तोंडातून निघालं ते असं: "झालं ना आता? आवरून ठेव सगळं. महिन्यावर परीक्षा आली."

तिने आवरलं. आणि दुसऱ्या दिवशी दुसरी चौकट करायला घेतली, कारण म्हणे आवाज दोन बाजूंनी आला की खरा.

त्याच आठवड्यात पूर्वपरीक्षेचे मार्क हातात आले. फिजिक्समध्ये जेमतेम पास. मी त्या कागदाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी मार्कांचे कागद हाताळले होते. कुठला आकडा कुठलं दार उघडतो आणि कुठलं बंद करतो, हे मला पाठ होतं. माझे वडील गेले तेव्हा मी एस.वाय.ला होते. कॉलेज सोडलं आणि आठवड्याभरात ऑफिसच्या खुर्चीत बसले. केतकीच्या बाबतीत मला त्या खुर्चीचीच भीती वाटायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. फक्त ओरडत राहिले. तिचे बाबा म्हणायचे, "करू दे गं. ती अभ्यासही करते." मला तो दिसत नव्हता. मला भुसाच दिसत होता. चादरीवर, केसांत, देवघराच्या उंबऱ्यावर.

फिजिक्सच्या पेपराच्या आदल्या दिवशी पेपर नव्हता. मी दुपारी रजा टाकून घरी आले, तिला गरमगरम जेवायला वाढावं म्हणून. ती मैत्रिणीकडे गणितं सोडवायला गेली होती. टेबलावर फिजिक्सची वही उघडी. समासभर कोपऱ्याच्या जोडाची चित्रं, आणि पानांच्या मधल्या घडीत भुशाची बारीक रेघ. पान उलटलं असतं तर पुढची चार पानं सोडवलेल्या गणितांनी भरलेली दिसली असती. ती मी नंतर बघितली. तेव्हा उलटलं नाही.

खालून भंगारवाल्याची हाक आली. मी गॅलरीत गेले आणि त्याला वर बोलावलं.

दोन्ही चौकटी बघून तोच थबकला. "मॅडम, लकडी तो अच्छी है. सब ले जाऊं?"

"सब ले जाव."

"ये मशीन भी?" त्याने पाटीमागच्या एक्सायटरकडे बोट दाखवलं.

"सब."

तो जिना उतरला तेव्हा एक चौकट कठड्याला आपटली. तो आवाज ऐकून मला खरं तर बरं वाटलं. मी गॅलरी झाडली, पाणी ओतून धुतली, पायपुसणं बदललं. तासभर मी अगदी हलकी होते.

पाच वाजता केतकी आली. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोसायटीची माणसं आली होती. गॅलरीतला पसारा खाली न्यायला लावला त्यांनी. पेपर होऊ दे, मग बघू."

ती गॅलरीच्या दारात गेली. फरशी अजून ओली होती. तिने बराच वेळ त्या ओल्या फरशीकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मी वाट बघत होते, निदान जेवताना काहीतरी बोलेल. तिने आमटी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिचं केंद्र गावाच्या एका टोकाला आणि माझं ऑफिस दुसऱ्या. पुरवण्यांचे गठ्ठे मोजताना मी तीनदा चुकले. दोनची घंटा झाली तशी कुणाला न सांगता निघाले आणि भंगारवाल्यांच्या गल्लीत शिरले. तिथे पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, लूमच्या गंजक्या भागांचे ढीग. एका ढिगाशी विचारलं, दुसऱ्याशी विचारलं. उन्हात माझा पदर डोक्यावरून सारखा घसरत होता. शेवटी तो माणूस सापडला. चुंबकासाठी फोडलेले एक्सायटर त्याच्या पायाशीच पडले होते.

"लकडी?" तो म्हणाला. "वो तो सुबह सायझिंग में गयी, मॅडम. बॉयलर में."

सायझिंग म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना. त्यांची वाफेची भट्टी गावातल्या भंगारातल्या लाकडावर जळते. गल्लीच्या तोंडाशी एक धुराडं दिसत होतं. ते त्याच कारखान्याचं की दुसऱ्या, मी विचारलं नाही. त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. "बच्ची का था क्या?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो बिचारा माझीच समजूत घालायला लागला.

घरी आले तर केतकी वरणभात खात होती. "पेपर बरा गेला," ती म्हणाली.

तिला मार्क चांगले पडले. पुण्याला इंजिनियरिंग झालं, तिथेच नोकरी लागली. जे व्हावं म्हणून मी जीव टाकत होते ते सगळं झालं. पण तिने पुन्हा लाकडाला हात लावला नाही. सुट्टीत घरी आली की तिचं टेबल लख्ख रिकामं असायचं. आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवायचे, बघा किती व्यवस्थित आहे. पुढे पुढे मी ते दाखवणं बंद केलं. तिच्या बाबांना मी त्याच आठवड्यात खरं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "तिला तूच सांग." मी दर वर्षी परीक्षा संपली की सांगायचं ठरवायचे. सात परीक्षा गेल्या.

या वर्षी हॉलतिकिटांचे गठ्ठेही नव्हते हातांना गुंतवायला. एका सकाळी चहा तिसऱ्यांदा उतू गेला. मी गॅस पुसला आणि रिक्षा करून सरळ वडप्याला गेले.

काळूराम आता त्या गोदामात नव्हता. गोदामाच्या कुंपणाला लागून त्याने स्वतःची पत्र्याची शेड टाकली होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. त्याने मला लगेच ओळखलं. "शाळंतल्या बाई ना तुमी? बसा."

"मला चौकट करायला शिकवा," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "केतकी करायची तशी."

तो हसला. "तुमच्या हातांना लेखनीची सवय, बाई."

"शिकवाल की नाही?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पोर आलती माझ्याकडं," तो म्हणाला. "परिक्षा सपली त्याच्या दुसऱ्याच दिशी. माझा रंधा परत द्याया. मी इचारलं, चौकटी झाल्या का गं? तर बोलली, आईनं भंगारात दिल्या."

तेव्हा कुठे मी बसले. "तिला माहीत होतं?"

"व्हय. मी बोललो, मंग दुसऱ्या करू, लाकूड लय पडलंय. बोलली, नको दादा. आनि मला बोलली, आईला काय बोलू नका." त्याने चष्मा पुन्हा लावला. "मी बोललो न्हाय. पन आज तुमीच आलात."

तीन आठवडे मी गेले. दोन्ही तळव्यांना फोड आले. करवत माझ्या हातात रेघ सोडून पळायची. एक कोपरा चार वेळा कापला. काळूराम एकदाही म्हणाला नाही की राहू दे, मी करतो. मी रागाने पटाशी आपटली की तो शांतपणे ती उचलून धार लावून परत माझ्या हातात द्यायचा. एकच चौकट झाली. पाटी आणि एक्सायटर केतकीच्या बाबांनी मुंबईहून आणले. ते बसवलं, फोन जोडला, बातम्या लावल्या, तर घुसमटलेला, उशीखालून आल्यासारखा आवाज. मी तो बंद केला आणि केतकीला फोन केला. म्हटलं, या रविवारी ये. काम आहे.

ती आली. चौकट बाहेरच्या खोलीत भिंतीशी उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली, आणि चौकटीसमोर उकिडवी बसली. खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं. माझ्या हातांवरच्या पट्ट्या बघितल्या.

"मी त्या भंगारात दिल्या होत्या," मी म्हणाले. इतकी वर्षं घोळवलेलं एक लांबलचक वाक्य होतं माझ्याकडे. त्यातलं एवढंच बाहेर आलं. "सोसायटीचं कुणी आलं नव्हतं. मी खोटं बोलले."

"मला माहीत आहे. गल्लीच्या वळणावर मला ती हातगाडी भेटली होती. मी चौकट धरली. म्हटलं, ही माझी आहे. तो म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी दिली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मग मी हात काढून घेतला."

"का? घ्यायची होतीस!"

"तू दिली होतीस, आई. ती घरी आणून ठेवणार कुठे?"

मला बसायला जागा सापडेना. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होते. तीच पुढे म्हणाली, "दुसऱ्या दिवशी पेपर कोरा द्यायचा ठरवला होता मी. पहिला अर्धा तास लिहिलंच नाही काही. सुपरवायझर दोनदा येऊन विचारून गेल्या, बरं नाही का."

त्याच अर्ध्या तासात मी पुरवण्या मोजत होते. तीनदा चुकत होते.

"मग?"

"मग वाटलं, घरातलं एकीने मोडलं तेवढं पुरे."

ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण तिने मला जवळ येऊ दिलं नाही. "हे तू माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?" तिने विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "माझ्यासाठी," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. मग पेचकस मागितला. तिच्या बाबांनी लगबगीने आणून दिला आणि ते पुन्हा आत निघून गेले. तिने मागचे स्क्रू काढले, पाटी अलगद बाहेर घेतली. फोमची पट्टी मी दोन पदरी लावली होती, पडू नये म्हणून. तिने एक पदर सोलून काढला. अर्धा तास ती काम करत होती आणि मी नुसती स्क्रू हातात धरून उभी होते. पाटी परत बसली. आवाज मोकळा झाला. पण आता खालच्या डाव्या कोपऱ्यात चौकटच बारीक किणकिणत होती. ते आम्हा दोघींना ऐकू आलं. तो चार वेळा कापलेला कोपरा.

दुपारी जेवलो. पुण्याच्या गोष्टी निघाल्या, ऑफिसच्या, तिच्या घरमालकिणीच्या. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चौकट नेतेस का, म्हटलं, तर नको म्हणाली.

साडेचारला तिने पिशवी खांद्यावर घेतली. पुण्याची गाडी तिला कल्याणहून पकडायची होती. मी रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरले. रिक्षात बसून तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "काळूदादा रविवारी असतात का गं?"

"असतात. सहापर्यंत."

तिने घड्याळात बघितलं. वडपं कल्याणच्या अगदी उलट्या बाजूला. पुण्याची गाडी चुकणार हे तिलाही कळत होतं.

"भैया," ती रिक्षावाल्याला म्हणाली, "पहले वडपे लेना."